फुटपाथवर गाड्या चढवून फरश्या फुटल्या, तर तो 'क्रिमिनल डॅमेज' ठरतो का?

कर्बकाठचा

प्रश्न इंग्लंडपुरता आहे, तोही लंडनबाहेरचा.

चित्र असं : निवासी रस्ता, ६०० बाय ६०० मिमीच्या जुन्या काँक्रीट फरश्यांचा फुटपाथ. एका बाजूला रोज रात्री तीन-चार गाड्या दोन चाकं वर चढवून उभ्या असतात, त्यात एक साडेतीन टनी डिलिव्हरी व्हॅन. त्या बाजूची कर्बलगतची (कर्ब म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची उंच कड) पहिली रांग जवळजवळ सगळी गेलेली. काही फरश्यांना तिरपे तडे, काही डुगडुगतात, आणि पावसानंतर पाय पडला की सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी उडते. समोरच्या बाजूला दिव्याचे खांब आणि झाडं असल्यामुळे गाडी चढवायला जागाच नाही. तिथल्या त्याच वयाच्या फरश्या धड आहेत.

नेहमीची उत्तरं माहीत आहेत. लंडनबाहेर फुटपाथवरच्या पार्किंगला सरसकट बंदी नाही, अडथळा पोलिसांनी बघायचा, दुरुस्ती कौन्सिलनं. मला त्यापुढचं हवं आहे. शेजाऱ्याची भिंत फोडली तर क्रिमिनल डॅमेज होतो, मग सगळ्यांची फरशी फोडली तर का नाही? कायद्यात हे बसतं का, बसत असेल तर अडतं कुठे, आणि पुरावा गोळा करायचा तर नेमका कसा?

कलमबहाद्दर

कागदावर बसतं. 'क्रिमिनल डॅमेज ॲक्ट १९७१'चं कलम १(१) घ्या आणि एकेक तुकडा लावून पाहा : दुसऱ्याची मालमत्ता, तिची नासधूस किंवा नुकसान, कायदेशीर सबब नसणं, आणि नुकसान करण्याचा इरादा किंवा त्याबाबतची बेफिकिरी.

मालमत्तेचा प्रश्न सुटलेला आहे. या कायद्यात जमीन आणि जमिनीत बसवलेलं सगळं मालमत्तेत येतं. सार्वजनिक खर्चानं राखला जाणारा रस्ता, फुटपाथसकट, 'हायवेज ॲक्ट १९८०'च्या कलम २६३ नुसार हायवे अथॉरिटीच्या, म्हणजे रस्ते राखणाऱ्या संस्थेच्या (इथे कौन्सिलच्या) मालकीचा. किती खोलीपर्यंत, यावरही कोर्टात बराच शब्दच्छल झालेला आहे. जुना वाक्प्रयोग 'वरची दोन फावडी' असा आहे, म्हणजे रस्ता वापरायला आणि राखायला लागेल तेवढा थर. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली साउथवर्क विरुद्ध ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या निकालात त्याची उजळणी केली. फरशी आणि तिच्याखालचा बिछाना त्यात आलाच. थोडक्यात, ज्याचं नुकसान झालं तो पक्ष कौन्सिल, तुम्ही नव्हे. हे ध्यानात ठेवा, पुढे इथेच पाय अडकतो.

'नुकसान' हा शब्द कोर्टांनी ऐसपैस ठेवलाय. १९८६ च्या हार्डमन प्रकरणात अण्वस्त्रविरोधी निदर्शकांनी फुटपाथवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगानं माणसांच्या आकृत्या काढल्या होत्या. पावसानं रंग गेलाच असता, पण कौन्सिलनं उच्च दाबाच्या फवाऱ्यानं तो धुऊन काढला, खर्च झाला, आणि तेवढं नुकसान म्हणून पुरेसं ठरलं. हिरवळीबद्दल त्याहून जुना दाखला आहे : १८९८ च्या गेफर्ड विरुद्ध चाउलर मध्ये वाढलेलं गवत तुडवणं हेही नुकसानच मानलं गेलं. तेव्हा फुटपाथकडेच्या हिरवळीत चाकांनी चर पडले असतील तर वाद घालायला जागा आहे. उलट बाजूला मॉर्फिटिस विरुद्ध सॅमन (१९९०) : परांचीच्या नळीवर ओरखडा पडला, पण नळीची किंमत किंवा उपयोग कमी झाला नाही, म्हणून नुकसान नाही. त्यामुळे फरशीवर नुसते टायरचे काळे पट्टे असतील तर विसरा. तडा गेलेली, डुगडुगणारी फरशी मात्र सरळसरळ नुकसान.

खरी गाठ बेफिकिरीत आहे. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं आर विरुद्ध जी मध्ये जुनी 'शहाण्या माणसाला कळलं असतं' ही कसोटी मोडीत काढली. त्या खटल्यात ११ आणि १२ वर्षांच्या दोन मुलांनी दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली आणि सुमारे दहा लाख पौंडांचं नुकसान झालं. आग पसरेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, म्हणून दोषसिद्धी रद्द झाली. तेव्हापासून बघायचं ते असं : धोका आहे याची *या* माणसाला जाणीव होती का, आणि जाणीव असूनही तो पत्करणं त्या परिस्थितीत गैरवाजवी होतं का. 'फुटपाथ आहे, गाडी पेलेल असं वाटलं' हे उत्तर कितीही वैतागवाणं असलं तरी खरं मानलं गेलं तर गुन्हा उभा राहत नाही. आणि बहुतेक चालकांच्या बाबतीत ते खरंच असतं.

शिक्षेचं म्हणाल तर कमाल दहा वर्षं हा आकडा इथे गैरलागू आहे. नुकसान ५,००० पौंडांच्या आत असेल तर खटला मॅजिस्ट्रेटपुढेच चालतो आणि कमाल तीन महिने किंवा २,५०० पौंड दंड. अकरा-बारा फरश्यांचा हिशेब या मर्यादेखालीच राहील.

खडीवाला

कायद्याचं वर आलंच आहे. फरशी फुटते कशी हे समजल्याशिवाय पुरावा गोळा करता येणार नाही, म्हणून ती बाजू मांडतो.

फरश्यांच्या फुटपाथची नेहमीची रचना : खाली साधारण १०० मिमी दाबून बसवलेली खडी, त्यावर २५ मिमीच्या आसपास वाळूचा किंवा सिमेंटच्या मसाल्याचा बिछाना, त्यावर ५० किंवा ६३ मिमी जाडीची फरशी. हे सगळं पायी चालणाऱ्यांच्या हिशेबानं. जिथून गाडी जाणार हे ठरलेलं असतं, उदाहरणार्थ घराच्या दारापुढचा उतरता कर्ब, तिथे खालचा थर जाड करतात किंवा काँक्रीट घालतात, आणि वर ८० मिमी ब्लॉक किंवा डांबर. तुमच्या रस्त्यावर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतील तर बघा, दारापुढचा तुकडा सहसा शाबूत असतो.

काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं. ताण सोसायची त्याची ताकद दाब सोसण्याच्या सुमारे एक दशांश. फरशी खालून पूर्ण टेकलेली असेल तर चाकाचं वजन ती खाली पोचवते, स्वतः वाकत नाही. पण कोपऱ्याखालची वाळू हलली की तो कोपरा अधांतरी राहतो. त्यावर चाक आलं की फरशी वाकते, वाकण्यातल्या ताणाचा तडा जातो आणि कोपरा तिरपा निखळतो. तुम्ही लिहिलेले तिरपे तडे हेच.

आणि वाळू हलते कशी? तुमची ती पिचकारीच सांगते. सांध्यातून पाणी आत जातं, चाक दाबतं, पाणी बारीक वाळू घेऊन सांध्यातून बाहेर उडतं. प्रत्येक वेळी चिमूटभर. महिन्यागणिक फरशीखाली पोकळी वाढते. याला रस्त्याच्या कामातले लोक 'पंपिंग' म्हणतात. फरशी काठीनं ठोकून पाहा. खाली भरीव असेल तर आवाज मठ्ठ येतो, पोकळ असेल तर मडक्यासारखा. हे फरशी फुटायच्या आधी कळतं, म्हणून महत्त्वाचं.

कार आणि व्हॅन यांत फरक किती? छोट्या कारच्या एका चाकावर साधारण ३५० किलो. पूर्ण भरलेल्या साडेतीन टनी व्हॅनच्या मागच्या आसावर सव्वादोन टनांपर्यंत, म्हणजे एका चाकावर अकराशे किलो, तिप्पट. रस्त्याच्या झिजेसाठी चौथ्या घाताचा ढोबळ नियम वापरतात (अमेरिकेतल्या १९५० च्या दशकाअखेरच्या 'आशो' रस्ता-चाचणीतून आलेला). त्यानं तिप्पट वजन म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, ८१ पट झीज. हा नियम डांबरी रस्त्याच्या थकव्यासाठी आहे, तो फरशीला जसाच्या तसा लावू नका. पोकळीवरची फरशी एकाच फेरीत फुटू शकते. पण कारपेक्षा व्हॅनवर बोट का ठेवायचं हे त्यातून कळतं.

शिवाय उभी गाडी फारसं बिघडवत नाही, बिघाड चढता-उतरताना होतो. १०० ते १२५ मिमी उंच कर्बवर चाक आदळतं, कर्ब मागे ढकलला जातो, त्याच्या पाठीमागचं काँक्रीट सुटतं, आणि पहिल्या रांगेच्या फरश्यांना कडेचा आधार राहत नाही. त्यात जागेवरच स्टिअरिंग पिळलं तर फरशी बिछान्यावर गोल घासली जाते. म्हणून पुराव्यात कर्बही धरा : दोन कर्बच्या मध्ये फट पडली आहे का, कर्ब मागे कलला आहे का.

आता विरुद्ध बाजूचा वकील काय म्हणेल ते. झाडाच्या मुळानं फरशी *वर* उचलली जाते, चाकानं ती *खाली* बसते. गॅस, पाणी, केबलच्या चरानं आडवी किंवा सरळ उभी पट्टी खचते आणि ती ठरावीक रुंदीची असते, वरचं ठिगळही वेगळं दिसतं. गटाराची नळी फुटून माती वाहून गेली असेल तर एका जागी बशीसारखा खळगा पडतो. आणि सगळ्यात अडचणीचा मुद्दा : कौन्सिलचं स्वतःचं झाडू-यंत्र फुटपाथवरून जातं का? जात असेल तर 'फरशी तुमच्याच यंत्रानं फोडली' हे पहिलं वाक्य असेल. तुमच्याकडे समोरची धड बाजू आहे हे चांगलं, पण दोन्ही बाजू तेच यंत्र झाडतं हेही दाखवता आलं पाहिजे.

कर्बकाठचा

मडक्याचा आवाज हे उपयोगी आहे, धन्यवाद.

पण मग एका फरशीवर तीन वेगवेगळ्या गाड्यांची चाकं पडली असतील तर कुणी फोडली हे कसं ठरायचं? तीन जणांनी मिळून पोकळी केली आणि चौथ्यानं तडा पाडला असंही असू शकेल.

कलमबहाद्दर

असू शकेल नव्हे, बहुतेक वेळा तसंच असतं. आणि तिथेच जुन्या फुटलेल्या फरश्यांचा खटला मरतो. फौजदारी पुरावा 'वाजवी शंकेपलीकडे' लागतो. 'या चौघांपैकी कुणीतरी' हे चालत नाही. फुटलेली फरशी पुन्हा फुटली हेही फार कामाचं नाही.

म्हणून मागे बघू नका, पुढे बघा. ज्या फरश्या आज धड आहेत त्या नोंदवा. मग चालकाला लेखी कळलं पाहिजे की तुमच्या गाडीच्या वजनानं इथल्या फरश्या फुटताहेत. ते पत्र हायवे अथॉरिटीकडून जायला हवं, फोटोसकट, तारखेसकट. पत्र पोचल्यावर 'मला जाणीव नव्हती' हा बचाव संपतो. त्यानंतर आधी धड असलेली फरशी त्याच गाडीखाली फुटली, तर जाणीव, कारण आणि नुकसान या तिन्ही गोष्टी एका ओळीत येतात. आर विरुद्ध जी नंतर हे एक पत्र दहा फोटोंपेक्षा जास्त वजनाचं आहे.

हिरवापिवळा जॅकेट

हायवेच्या बाजूनं काही गोष्टी जोडतो, कारण इथे सगळे कलम १ लाच चिकटून बसले आहेत.

आधी पत्ता बरोबर आहे का ते पाहा. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिल आहेत तिथे फुटपाथ काउंटीचा असतो, डिस्ट्रिक्टचा नाही. अर्ध्या तक्रारी चुकीच्या दारात पडून राहतात.

फोटो काढायची रीत. दिव्याच्या खांबावर क्रमांक असतो, तो फोटोत घ्या. जागा सांगायला घराच्या नंबरापेक्षा तो बरा. मग खांबापासून मोजा : कर्बलगतची पहिली रांग, खांबापासून चौथी फरशी. एक फोटो दुरून, ज्यात खांब आणि फरशी दोन्ही येतील. एक वरून, शेजारी पट्टी ठेवून. एक जमिनीलगत, दोन फरश्यांच्या उंचीतला फरक दिसेल असा. सरळ पट्टी उंच फरशीवर टेकवून खालच्या फरशीपर्यंत मापा. बऱ्याच अथॉरिटी २० मिमीच्या आसपासच्या उंचवट्याला ठेच लागण्याजोगा दोष मानतात, काही कमी-जास्त. आकडा त्यांच्या निरीक्षण-धोरणात छापलेला असतो. फोटो दर महिन्याला त्याच कोनातून. दिव्याच्या खांबाला पाठ टेकवून उभं राहिलं की कोन आपोआप तोच येतो.

जुनी स्थिती दाखवायला गूगल स्ट्रीट व्ह्यू मधली आधीच्या वर्षांची दृश्यं उघडता येतात, महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. फरशीचा बारीक तडा त्यात दिसेलच असं नाही, पण मोडलेला कोपरा दिसतो.

माहितीच्या अधिकाराखाली अथॉरिटीकडे त्या रस्त्याचे निरीक्षणाचे दिनांक, नोंदलेले दोष, झालेली दुरुस्ती आणि तिचा खर्च मागा. उत्तराला २० कामाचे दिवस. यातून दोन गोष्टी हाती येतात : अमुक तारखेला निरीक्षकानं फरशी धड असल्याचं मानलं होतं, आणि फरशी बदलायला खरोखर किती लागले. कोर्टात नुकसानीचा आकडा अंदाजपंचे चालत नाही. आणि अथॉरिटीही हे कागद जपून ठेवते, कारण कुणी ठेचकाळून दावा लावला तर हायवेज ॲक्टच्या कलम ५८ चा बचाव, म्हणजे वाजवी देखभाल केली होती हे दाखवणं, याच नोंदींवर उभा असतो. तेव्हा तुमच्या पत्रात 'ठेच लागण्याचा धोका' हे शब्द घाला. 'गाड्यांचा त्रास' लिहिलंत तर पत्र पार्किंग विभागाच्या ढिगात जातं.

आता इतर कलमं, कारण अथॉरिटीला क्रिमिनल डॅमेजपेक्षा ही जवळची वाटतात. हायवेज ॲक्टचं कलम १३१ रस्त्याच्या नुकसानीबद्दलच आहे. त्यात रस्त्यावर काहीही टाकून किंवा ठेवून रस्त्याचं नुकसान करणं येतं, दंड १,००० पौंडांपर्यंत. इरादा किंवा बेफिकिरी असे शब्द त्यात नाहीत. उभी केलेली गाडी म्हणजे 'टाकलेली वस्तू' का, यावर मात्र वाद होईल. विटांचा पॅलेट किंवा स्किप (बांधकामाच्या कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा) असेल तर प्रश्नच नाही. शेजारच्या जागेत बांधकाम चालू असेल तर कलम १३३ : त्या कामामुळे फुटपाथचं नुकसान झालं की अथॉरिटी दुरुस्ती करून खर्च जागेच्या मालकाकडून किंवा नुकसान करणाऱ्याकडून वसूल करू शकते. काँक्रीटचे ट्रक चढून फुटलेल्या फरश्या बहुतेक वेळा इथे वसूल होतात, फक्त काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो हवेत.

कलम १८४ बद्दल गैरसमज फार. कर्ब न उतरवता रोज फुटपाथ ओलांडून गाडी *आपल्या आवारात* नेणाऱ्या रहिवाशाला अथॉरिटी नोटीस देऊन रीतसर क्रॉसिंग बांधून त्याचा खर्च लावू शकते. रस्त्याला समांतर दोन चाकं वर ठेवून उभ्या राहणाऱ्याला हे कलम लागत नाही.

जुनी बग्गी

सगळ्यात सोपं कलम कुणीच काढलं नाही. 'लंडनबाहेर बंदी नाही' ती *पार्किंगला*. फुटपाथवर गाडी *चालवणं* 'हायवे ॲक्ट १८३५'च्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बग्ग्यांच्या काळातला आणि आजही जिवंत. गाडी उडून तर वर येत नाही. पण चढवताना कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, किंवा व्हिडिओ हवा, आणि चालक ओळखता आला पाहिजे. सकाळी उभी दिसलेली गाडी पुरत नाही. नुकसान सिद्ध करायची गरज नाही, हा त्याचा मोठा फायदा.

हायवेज ॲक्टचं कलम १३७, म्हणजे जाणूनबुजून अडथळा, हेही पोलिसांच्या हातात आहे. पूर्ण वाट अडली पाहिजे असं नाही. किती रुंदी उरली ते मापून लिहा. व्हीलचेअरसाठी सरकारी मार्गदर्शनात २ मीटर रुंदी चांगली, १.५ मीटर किमान, आणि एखाद्या अडथळ्यापाशी अगदीच तर १ मीटर. '७४ सेंमी उरले' असं वाक्य 'जागा नव्हती' पेक्षा लवकर हलवतं.

मात्र या दोन्ही गुन्ह्यांना आणि वरच्या कलम १३१ लाही खटला सुरू करायला सहा महिन्यांची मुदत आहे. क्रिमिनल डॅमेजलाही तीच.

कलमबहाद्दर

शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. क्रिमिनल डॅमेज हा मुळात मॅजिस्ट्रेटपुढे आणि वरच्या क्राउन कोर्टात, दोन्हीकडे चालणारा गुन्हा आहे. नुकसान कमी असेल तर तो मॅजिस्ट्रेटपुढे *चालवायची पद्धत* तेवढी बदलते. म्हणून सहा महिन्यांची मुदत त्याला लागू नाही. १३१, १३७ आणि १८३५ चं ७२ यांना लागू आहे, ते बरोबर.

आणखी एक दुर्लक्षित कलम : 'रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८'चं १७०. गाडीमुळे अपघात होऊन रस्त्याच्या जमिनीत बसवलेल्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकानं थांबून नाव-पत्ता द्यायचा, नाही देता आला तर शक्य तितक्या लवकर आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. हळूहळू खचलेल्या फरशीला हे ओढूनताणून लावावं लागेल. पण चढताना बोलार्ड (गाड्या अडवणारा बुटका खांब) वाकवला किंवा बॉक्सचं झाकण फोडलं तर अगदी चपखल. आणि अशा नुकसानीचा खर्च अथॉरिटी थेट गाडीच्या विमा कंपनीकडे मागू शकते, त्याला फौजदारी खटला लागत नाही.

पोलिसांत क्रिमिनल डॅमेज म्हणून नोंद करायची असेल तर १०१ वर किंवा ऑनलाइन. क्राइम रेफरन्स नंबर घ्या. मग पोलीस विचारतील, मालक काय म्हणतो? अथॉरिटीचं निवेदन नसेल (फुटपाथ आमचा, गाडी चढवायला परवानगी नव्हती, दुरुस्तीला इतके लागले) तर फाइल तिथेच बंद. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हायवे विभाग, त्यांचं पत्र चालकाला, मग नवी तूट, मग पोलीस. उलटा क्रम लावला की दोन्ही खिडक्यांवरून परत पाठवतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

खाजगी खटला करायची मुभा १९८५ च्या 'प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्ट'च्या कलम ६ मुळे आहे. पण सरकारी वकील तो हातात घेऊन बंदही करू शकतात, आणि खर्चाचा धोका तुमच्या डोक्यावर. चार फरश्यांसाठी मी कुणाला तो रस्ता सुचवणार नाही.

पुणेरी पदपथ

अवांतर, पण शब्दाची गंमत म्हणून. आपल्याकडच्या भारतीय दंड संहितेत याला समांतर गुन्ह्याचं मराठी नाव 'आगळीक' होतं, कलम ४२५. आता ते न्याय संहितेच्या ३२४ मध्ये आहे. तिथे इरादा हवा, किंवा नुकसान *होण्याचा संभव आहे हे माहीत असणं* हवं. म्हणजे चालकाच्या डोक्यात काय होतं हा प्रश्न तिथेही चुकत नाही.

हिरवापिवळा जॅकेट

एक सूचना, कारण असे धागे शेवटी तिकडेच वळतात : गाडीला हात लावू नका. किल्लीचा ओरखडा, मोडलेला आरसा, सोडलेली हवा, यातून क्रिमिनल डॅमेजचा आरोपी तुम्ही व्हाल, आणि तुमच्याबाबतीत इरादा सिद्ध करायला कुणाला पत्र पाठवावं लागणार नाही. काचेवर घट्ट चिकटणारा कागदही नको, हार्डमनचा रंग आठवा. 'फरशीखाली पोकळी आहे, कृपया चढवू नका' असा वायपरखाली सरकवलेला कागद चालेल. त्याचा फोटो ठेवा. तो कौन्सिलच्या पत्राइतका जड नाही, पण जाणिवेच्या बाजूनं थोडा उपयोगी पडतो.

घराचा कॅमेरा रस्त्याकडे वळवणार असाल तर आवाराबाहेरचं चित्रीकरण माहिती-संरक्षणाच्या नियमांखाली येतं : सूचना-फलक, ठरावीक काळानं पुसणं, मागितल्यास ज्याचं त्याला चित्रण देणं. चोवीस तास चालवण्यापेक्षा व्हॅन चढते त्या वेळेला फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरतो.

कर्बकाठचा

समजलं. जुन्या फरश्यांचा नाद सोडतो, उरलेल्या धड फरश्यांपासून सुरुवात करतो. शेवटचं एकच : कौन्सिल दुरुस्तीला आलं तर काय मागावं? त्याच जातीची फरशी त्याच वाळूवर बसवली तर वर्षभरात पुन्हा हेच.

खडीवाला

वर्ष लांब राहिलं, व्हॅन रोज चढत असेल तर एक हिवाळाही पुरेल. निखळलेली फरशी उचलून खाली वाळू सारखी करून तीच परत ठेवणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आणि सगळ्यात निरुपयोगी. मागायचं असेल तर पहिल्या दोन रांगा काढून खडीचा थर १५० मिमीपर्यंत न्यायचा, दाबून बसवायचा, आणि वर ४५० बाय ४५० बाय ७० मिमीच्या छोट्या जाड फरश्या मसाल्याच्या बिछान्यावर. फरशी जितकी छोटी तितकी वाकायला लांबी कमी, म्हणून ६०० पेक्षा ४५० टिकते. निधी नसेल तर ६० मिमीच्या आसपास डांबरी थर आणि वर २० ते २५ मिमीचा बारीक थर. दिसायला वाईट, पण खचला तरी तडकत नाही, ठेच लागत नाही. कलता कर्ब काढून नव्या काँक्रीटमध्ये, पाठीमागे आधार देऊन बसवायला सांगाच. तो तसाच ठेवला तर वरचं सगळं वाया.

यातली गोम अशी की मजबूत फुटपाथ म्हणजे गाडी चढवायला आणखी बरी जागा. व्हॅन हटणार नाही, फक्त फरशी फुटणार नाही, आणि बाळाची गाडी ढकलणारा तसाच रस्त्यावर उतरणार. म्हणून दुरुस्तीच्या त्याच अर्जात बोलार्ड मागा, कर्बच्या कडेपासून ४५० मिमी आत आणि दोन बोलार्डमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास, म्हणजे मधून कार शिरणार नाही. आधी फुटपाथची एकूण रुंदी मापा. बोलार्ड लावून मागे दीड मीटर उरत नसेल तर अर्ज तिथेच फेटाळला जाईल, आणि मग कर्बची उंची वाढवायची मागणी करा.